टूरिंग बाइकचं परीक्षण मागच्या सीटवरनं पण होऊ दे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत होंडा गोल्ड विंगवर पान भरून लेख आला होता, तो घरात सगळ्यांनी वाचला, कारण माझ्या भावाकडं पुण्यात तीच गाडी आहे आणि तो इकडं आला तेव्हा मी तिच्यावर मागं बसून बेळगावहून आंबोली, सावंतवाडीपर्यंत जाऊन आलेय. लेखात 1833 सीसी, सहा सिलिंडर, 126 हॉर्सपॉवर, 170 न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरचं डीसीटी (क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा) हे सगळं आलंय, बीएमडब्ल्यू के 1600 ची ताकद 160 हॉर्सपॉवर म्हणजे किती जास्त तेही आलंय. पण मागं बसणाऱ्यासाठी एवढ्या मोठ्या पानात एकच ओळ, ती पण 'सीट आरामदायी आहे' एवढीच. याचं मला खरंच वाईट वाटलं म्हणून हे पत्र.

एकट्यानं लांब जायचं असेल तर बुलेट पुरते, हिमालयन पुरते, आमच्याकडची पोरं त्याच्यावर लडाखला जाऊन येतात की. एवढ्या महागड्या गाडीला लक्झरी टूरर म्हणायचं ते दोघांनी सामानासकट दिवसभर जायचं आणि संध्याकाळी दोघांचीही पाठ शाबूत ठेवून उतरायचं म्हणून. मग त्या दोघांतल्या एकालाच विचारून परीक्षण कसं पूर्ण होणार? या गाडीचा इतिहासच बघा ना, 1975 ची पहिली गोल्ड विंग नुसती मोठी उघडी मोटारसायकल होती, 1000 सीसीची, पुढची काच आणि सामानाच्या पेट्या लोक बाहेरून आणून बसवायचे. ते बघून कंपनीनं 1980 मध्ये फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण) आणि पेट्यांसकट मॉडेल काढलं, 1988 मध्ये सहा सिलिंडर आणि रिव्हर्स आलं. 2018 मध्ये गाडी हलकी करायच्या नादात पेट्या लहान झाल्या, सगळ्या मिळून 110 लिटर, तेव्हा जोडीनं फिरणारे लोक नाराज झाले आणि 2021 च्या मॉडेलला मागची पेटी 50 वरून 61 लिटर करावी लागली, पाठ टेकायचा भाग पण जास्त मागं झुकवला. म्हणजे मागच्या सीटचं म्हणणं होंडाला ऐकावं लागलंय, आणि आपल्या परीक्षणात मात्र ती सीट नाहीच.

आता माझा अनुभव सांगते. हिंडलगा सोडलं की वेंगुर्ला रोडला गावागावात स्पीडब्रेकर. नियमाप्रमाणं स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद पाहिजे, म्हणजे गाडी सावकाश चढून सावकाश उतरेल, आमच्याकडचे बरेचसे म्हणजे डांबराचा उभा उंचवटा. दादा पुढं म्हणत होता लोण्यासारखी जातेय आणि मागं माझ्या कण्यात दणका बसत होता. दोघंही खरं बोलत होतो. या गाडीला पुढं नेहमीचे फोर्क नाहीत, कारसारखं डबल विशबोन सस्पेन्शन आहे, त्यामुळं खड्ड्याचा धक्का हँडलपर्यंत येतच नाही, पण मागं बसणारा जवळपास मागच्या चाकाच्या डोक्यावर बसलेला असतो, तिथं एकच शॉकअब्सॉर्बर आणि त्याची सेटिंग चुकली की सगळं त्याच्या अंगावर. शिनोळीला चहाला थांबल्यावर दादानं स्क्रीनवर बघितलं तर सेटिंग 'एकटा चालक' वर होती. त्यात चार चित्रं आहेत, एकटा, एकटा आणि सामान, दोघं, दोघं आणि सामान. 'दोघं आणि सामान' वर केल्यावर मोटर चालल्याचा बारीक आवाज आला, गाडीचा मागचा भाग वर उचलला गेला आणि पुढचा सगळा रस्ता वेगळाच झाला. तुमच्या परीक्षकांनी गाडी कुठल्या सेटिंगवर चालवली, मागं कोण होतं का, हे लेखात कुठंच नाही!

बाकी खरंच सांगते, गाडी सुंदर आहे. काच बटणानं वर घेतली की वारा डोक्यावरनं जातो, हेल्मेट घालूनसुद्धा मला दादाशी न ओरडता बोलता येत होतं, बुलेटवर आमच्या ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे गाडी थांबवावी लागते. आंबोलीच्या पावसात पाय सोडले तर मी फारशी भिजले नाही. कोल्हापूरला जाताना बुलेटवर निपाणी आली की मला उतरावंच लागतं, इथं आंबोलीपर्यंत कंबरेनं तक्रार केली नाही. टाकी 21 लिटरची आहे, साडेतीनशे किलोमीटर जाते असं तुम्ही लिहिलंय, ठीक आहे, पण मागचा माणूस न उतरता किती तास बसू शकतो हा आकडा माझ्यासाठी त्याच्यापेक्षा महत्त्वाचा.

आणि अडचणी पण आहेत, त्या लिहायला पाहिजेत. चढणं सोपं नाही. मागं पेटी आणि पाठीचा टेकू असल्यामुळं पाय मागनं फिरवून टाकता येत नाही, सीट आणि टेकूच्या मधनं गुडघा वाकवून पाय पलीकडं काढायचा आणि तेवढा वेळ पुढच्यानं 390 किलोची गाडी दोन्ही पायांवर धरून उभं राहायचं. उतारावर, खडीवर हे करून बघा. आंबोलीत धबधब्याजवळ खडीत गाडी लावली होती, निघताना दादानं रिव्हर्सचं बटण दाबून ती चालण्यापेक्षाही हळू मागं घेतली, भोवती गर्दी, कुणी मराठीत किंमत विचारतंय कुणी कन्नडात 'एष्टु री' म्हणून, पण मला मात्र गाडी रस्त्यावर सपाट जागी येईपर्यंत बसताच आलं नाही.

साडी नेसून या गाडीवर बसता येत नाही हे तर कुणीच लिहीत नाही. भारतात मोटारसायकलला साडीगार्ड लावायचा नियम आहे तो यासाठीच की आमच्या आया, सासवा एका बाजूला पाय सोडून बसतात. गोल्ड विंगवर तसं बसायला जागाच नाही, पाठीचा टेकू आडवा येतो. माझी आई खूप हौसेनं बाहेर आली होती, सीटला हात लावून बघितलं आणि परत पायरीवर जाऊन बसली. आई-बाबांना देवदर्शनाला घेऊन जाईन असं मनात धरून कुणी ही गाडी घेत असेल तर त्याला आधीच कळलं पाहिजे ना हे.

हायवेवरच्या वेगावर अर्धा लेख खर्च करण्यातही मला अर्थ दिसत नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी, बेंगळूर-म्हैसूरच्या मुख्य रस्त्यावर 2023 पासून बंदी. मग ही गाडी चालणार कुठं, तर आपल्या एनएच 48 वर आणि चोर्ला, आंबोली, तिलारी असल्या घाटांत, खड्ड्यांत, ट्रकच्या मागं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. तिथंच ती तपासा. आणि केए 22 च्या, म्हणजे बेळगाव पासिंगच्या वाचकासाठी हेही लिहा की कर्नाटकात लाखाच्या वरच्या दुचाकीला 18 टक्के लाइफटाइम टॅक्स आहे, म्हणजे 2021 मध्ये 37 लाख 20 हजारांना असलेल्या गाडीला साडेसहा लाखांच्या वर नुसता टॅक्स.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी असल्या गाडीचं परीक्षण कराल तेव्हा मागं कुणालातरी बसवा, शक्यतो घरची बाई किंवा वयस्कर माणूस, सकाळी निघून संध्याकाळपर्यंत घाटातनं फिरवा, आणि चढायला कसं वाटलं, गुडघे किती दुमडले, दणके कुठं बसले, कधी थांब म्हणावंसं वाटलं, हे त्यांच्याच शब्दांत छापा. जागा कमी पडत असेल तर हॉर्सपॉवरचा तक्ता गाळला तरी चालेल.

आपली,
एक नियमित वाचक, टिळकवाडी, बेळगाव