चौदाव्या पानासाठी

प्रिय ताई,

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि घरी येऊन मी कपाटाच्या आरशात पाहिलं. कितीतरी वर्षं धुक्यातून दिसणारा चेहरा एकदम लख्ख समोर आला, एकूण एक सुरकुतीसकट. त्या दिवशी आरशावर जुनी साडी टाकली, ती महिनाभर काढली नाही.

ज्यांना सांगितलं ते हसले. दवाखान्यात म्हणाले, ऑपरेशन छान झाल्याची हीच खूण. आमच्या वाचनकट्ट्यावर म्हटलं, आरशाच्या कविता वाचूया का? तर उत्तर आलं, "या वयात आरसा कशाला? हरिपाठ वाचा." हरिपाठ मी रोज म्हणते हो. पण त्यांनी माझं बोलणं ऐकलंच नव्हतं.

तुम्ही वाचनालयात पुस्तकावर शिक्का मारता मारता थांबलात आणि विचारलंत, "काय दिसलं?" एवढंच.

अमेरिकन कवयित्री सिल्विया प्लाथची आरशावरची कविता मी पूर्वी वाचली होती. तिच्यात तळ्यासारख्या आरशातून म्हातारपण भयानक माशासारखं वर येतं. १९६१ साली ती लिहिली तेव्हा प्लाथ तिशीचीही नव्हती. ती भीती लांबून पाहिलेली आहे. वैशालीची गणिका आणि पुढे बुद्धाची भिक्षुणी झालेली अंबपाली मात्र म्हातारपणात बसून बोलते. थेरीगाथेतल्या, म्हणजे बौद्ध भिक्षुणींच्या जुन्या काव्यसंग्रहातल्या, तिच्या १९ गाथा तुम्ही जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर, एका पानावर एक, काळ्या स्केचपेनने मोठ्या अक्षरांत उतरवून दिल्यात. माझ्या डोळ्यांना बारीक छपाई झेपत नव्हती म्हणून.

केस भुंग्यासारखे काळे होते, आता तागासारखे झालेत. गळा कोकिळेचा होता, आता अडखळतो. शेवटी सगळा देहच गिलावा गळून पडलेलं जुनं घर. अनित्यतेची शिकवण म्हणून या गाथा वाचतात, आणि ते बरोबरच आहे. पण मला दिसलं ते वेगळं. प्रत्येक अवयवाचं रूप ती आधी मन लावून सांगते, मगच त्याचं आजचं. आपण सुंदर होतो हे सांगायला ती लाजत नाही.

आणि ते चौदावं पान. पूर्वी भरदार असलेले स्तन आता रित्या पखालींसारखे लोंबतात, असं ती म्हणते. दुसऱ्या कुणी दिलं असतं तर हे पान हळूच गाळलं असतं. म्हाताऱ्या बाईला असलं काही द्यायचं कसं, म्हणून. तुम्ही तेही तितक्याच मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलंत. ते हातात आलं आणि मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले. माझ्याही देहाचा कुणीतरी पूर्ण हिशेब धरला होता. लाज न आणता, कीव न करता.

माणसातलं चांगुलपण अशा वेळी कळतं, ताई. समोरच्याला सगळं पेलेल असं धरून चालणाऱ्या माणसांमुळे जगणं सुसह्य होतं.

साडी काढली आहे. परवा लेक आली होती, तिला सगळी पानं मोठ्यानं वाचून दाखवली. चौदावं वगळलं नाही.

तुमची जुनी सभासद