मित्रास पत्र : गोठित रेताच्या कांडीविषयी

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या दूध संस्थेने गोठित रेताचा, म्हणजे गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वळूच्या वीर्याचा, साठा गावातच ठेवण्याचे ठरवले आणि तो सांभाळण्याचे काम तुझ्याकडे आले, हे वाचून मनापासून आनंद झाला. ज्या द्रव नत्रात हे रेत ठेवतात त्याची थंडी उणे १९६ अंश सेल्सियस असताना, रेत भरलेल्या एवढ्याशा प्लॅस्टिकच्या कांडीला इतके महत्त्व कशासाठी, असे तू विचारले आहेस. रेत भरून कांड्या बंद करण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर सविस्तर लिहावेसे वाटते.

नुसत्या थंडीने पेशी टिकत नाही, उलट मरते. पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक होतात, क्षार एकवटतात आणि पेशीचे आवरण फाटते. १९४९ साली पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स या इंग्लंडमधील संशोधकांनी ग्लिसरॉलमुळे शुक्राणू गोठवूनही जिवंत राहू शकतात हे दाखवले, तेव्हा हा मार्ग मोकळा झाला. मात्र ग्लिसरॉल मिसळले तरी थंड होण्याचा वेग सांभाळावाच लागतो, कारण फार सावकाश गोठवले तर पेशी पाणी गमावून आक्रसते आणि फार झपाट्याने गोठवले तर तिच्या आतच बर्फ होतो. आता हा वेग प्रत्येक शुक्राणूला सारखा मिळायचा, तर रेत जाड बाटलीत ठेवून चालणार नाही, कारण कडेचे रेत गोठेल तेव्हा मधले अजून द्रवच असेल. कांडी बारीक का, याचे उत्तर इथे आहे.

पूर्वी काचेच्या कुप्या वापरत; त्या जागा अडवत आणि तडकतही. डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी १९४० च्या सुमारास ओटच्या पोकळ काडीत रेत भरून पाहिले होते. पुढे मुलीच्या वाढदिवसाला मुले सेलोफेनच्या नळीने सरबत पिताना पाहून त्यांना तशी नळी वापरण्याचे सुचले, अशी आठवण त्यांनी स्वतः सांगितल्याची नोंद आहे. १९६० च्या दशकात फ्रान्सच्या रोबेर कासू यांनी प्लॅस्टिकची कांडी आणि ती भरून बंद करण्याची यंत्रे बाजारात आणली. तुमच्या द्रव नत्राच्या कंटेनरमध्ये येणारी ०.२५ मिलिलिटरची बारीक कांडी त्याच घराण्यातली. आपल्याकडे एका कांडीत किमान २ कोटी शुक्राणू असावेत आणि वितळवल्यावर त्यांतील निदान निम्मे पुढे पोहत असावेत, असा दंडक आहे.

एक कांडी हातात घेऊन तिची दोन्ही टोके नीट पाहा. एका टोकाला कापसाच्या दोन बोळ्यांमध्ये पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची पूड असते. रेत भरताना ओलावा लागताच ती फुगून घट्ट बूच होते आणि पुढे रेतन करताना हेच बूच दट्ट्याच्या रेट्याने सरकत जाऊन रेत शेवटच्या थेंबापर्यंत बाहेर काढते. बंद करणारी वस्तूच ढकलणारीही व्हावी, ही योजना मला आजही थक्क करते. दुसरे टोक प्रयोगशाळेत ध्वनिलहरींनी किंवा उष्णतेने दाबून बंद करतात आणि आत हवेचा एक बुडबुडा मुद्दाम राखतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते. हवेला जागा ठेवली नाही तर कांडी फुटते किंवा बूच सुटते. बंद केलेले टोक कच्चे राहिले तर द्रव नत्र आत शिरते आणि कांडी गरम पाण्यात घालताच त्या नत्राचा वायू होऊन, सुमारे सातशे पट जागा मागत, कांडी फटकन फोडतो. म्हणून वितळवताना चष्मा लाव.

भरलेल्या कांड्या ४ अंशांवर काही तास स्थिरावल्यावर जाळीवर आडव्या एकेक ओळीने मांडतात, नत्राच्या वाफेत उणे १४० अंशांपर्यंत नेतात आणि मगच द्रवात बुडवतात. पुढे त्या गॉब्लेटमध्ये, म्हणजे छोट्या पेल्यात, आणि गॉब्लेट कॅनिस्टरमध्ये, म्हणजे कंटेनरमध्ये सोडायच्या लांब दांड्याच्या डब्यात, जातात. इथपर्यंतचे काम आमचे. तुझे काम कंटेनरच्या गळ्यापाशी सुरू होते आणि बहुतेक नुकसान तिथेच होते, असे माझे ठाम मत आहे. कांडी बारीक असल्यामुळे जशी चटकन गोठते तशीच चटकन तापते. हवी ती कांडी शोधताना कॅनिस्टर गळ्याच्या वर कधीही काढू नकोस. आठ-दहा सेकंदांत सापडली नाही, तर तो पुन्हा नत्रात बुडवून थोड्या वेळाने उचल. उणे १३० अंशांच्या वर गेलेली कांडी बाहेरून अगदी तशीच दिसते, पण आतले बारीक स्फटिक वाढू लागलेले असतात आणि पुन्हा बुडवल्याने ती हानी भरून निघत नाही. दर खेपेची इजा आधीच्या इजेत मिळत जाते.

कंटेनरचे झाकण सैलच असू दे, कारण वायूला वाट हवी. त्याच कारणासाठी तो बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गाडीत ठेवू नकोस. नत्राला वास नाही, त्यामुळे प्राणवायू कमी झाल्याचे कळत नाही. नत्राची पातळी पट्टीने मोजून त्याच दिवशी वहीत लिही.

आता कांडीवरच्या छापाविषयी, ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. वळूचा क्रमांक, जात, रेत घेतल्याची तारीख आणि केंद्राची खूण एवढे त्या दोन मिलिमीटर जाडीच्या नळीवर छापलेले असते, आणि वळूची ओळख सांगणारे तिथे दुसरे काहीही नसते. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये 'बाएफ' स्थापन केली आणि त्या संस्थेने गोठित रेत शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेले. ज्या वळूला गावाने कधी पाहिले नाही, त्याची वासरे गावात जन्मू लागली. अशा वेळी शेतकरी त्या छापावरच विश्वास टाकतो. एकाच वळूच्या कांड्या वर्षानुवर्षे वापरल्या आणि क्रमांक लिहून ठेवले नाहीत, तर त्याच्याच कालवडी माजावर येतील तेव्हा त्यांना बापाचेच रेत दिले जाईल. खिल्लार किंवा देवणी राखणाऱ्याच्या गोठ्यात चुकीची कांडी गेली, तर पिढ्यांची निवड एका माजात वाया जाते. गाभण न राहिलेली गाय तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येऊन चूक दाखवते. चुकीच्या वळूची चूक मात्र वासरू मोठे होईपर्यंत उमगत नाही, कधी तर उमगतच नाही.

म्हणून कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरून बाहेर काढलीस की, आधी ती कोरडी पूस, कारण पाण्याचा थेंबही शुक्राणूंना मारतो. मग छाप मोठ्याने वाच, गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक त्याच्याशेजारी लिही आणि त्यानंतरच हवेच्या बुडबुड्यापाशी सरळ काप दे. रिकामी कांडी नोंद पुरी होईपर्यंत टाकू नकोस.

पहिला साठा आला की, कोणत्या वळूंच्या कांड्या मिळाल्या ते क्रमांकांसह कळव. गावातल्या कालवडींच्या बापांची यादी तू पाठवलीस, तर दोन्ही ताडून पाहण्यास मी मदत करीन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा मित्र