सातपूरच्या वाइंडिंगवाल्या काकांना आभाराचं पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर फारसं वाचत नाही, त्यामुळे हे पत्र तुमचा मुलगा तुम्हाला वाचून दाखवेल. तरीही ते सगळ्यांसमोर लिहितेय. लहान रिमोटची हेलिकॉप्टरं उडवणारे नाशकात बरेच आहेत, आणि मोटर गेली की त्यातले बहुतेक जण तीच मोटर पुन्हा मागवतात, नाहीतर हेलिकॉप्टर माळ्यावर टाकतात. तुम्ही मला दुकानातल्या स्टुलावर बसवून जे समजावलंत, ते त्यांच्याही उपयोगी पडावं.

माझं हेलिकॉप्टर तुम्हाला आठवत असेलच. पंखा साधारण ५० सेंटीमीटरचा, ३७० मापाची ब्रशवाली मोटर, ११.१ व्होल्टची तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. मी आले होते ते कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश, बदलून मिळतील का, एवढंच विचारायला. तुम्ही मोटरच्या मागच्या झाकणाचे दाबलेले कान हळूच उचलले, आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, बाहेर काढलं आणि भिंग माझ्या हातात दिलंत. कॉम्युटेटरच्या, म्हणजे कार्बन जिथे घासतात त्या, पट्ट्यांवर नखाला लागेल एवढी चर पडली होती, मधल्या फटीत काळी भुकटी भरली होती आणि एका बाजूचा कार्बन जवळजवळ संपला होता. "हिला कुणी जाळलं नाही, हिचं वय झालं," तुम्ही म्हणालात. मग कारणही सांगितलंत. या मोटरीत तारेचा गुंडाळा आत फिरतो आणि चुंबक बाहेर डब्याला चिकटलेले असतात, म्हणून आतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. सगळा करंट त्या दोन इवल्याशा कार्बनमधून जाणार, तिथे ठिणगी पडणार, पट्टी झिजणार. हेलिकॉप्टरची मोटर तर उड्डाणभर दमलेलीच असते. गाडीसारखं मध्ये सोडून देणं तिला मिळतच नाही.

म्हणून मी तिच्या जागी ब्रशलेस मोटर मागवली आणि घेऊन आले, तेव्हा तिच्या तीन वायरी पाहून तुम्ही जे म्हणालात ते मी सगळ्यांना सांगत असते: "अगं, ही तर आपली थ्री फेज!" दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षवाल्यांचे पाणबुडी पंप वर्षानुवर्षं बांधून देणाऱ्या माणसाला त्या काडेपेटीएवढ्या मोटरीत अनोळखी असं काही नव्हतंच. इथे गुंडाळा मधे स्थिर, चुंबकांची घंटा बाहेरून फिरते. कार्बन नाही, ठिणगी नाही. कोणत्या वेळी कोणत्या दोन वायरींना करंट द्यायचा ते ईएससी, म्हणजे मोटरीचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर, ठरवतो, आणि त्या क्षणी मोकळी राहिलेली तिसरी वायर त्याच्यासाठी कानाचं काम करते. फिरत्या चुंबकामुळे तिच्यात जो व्होल्टेज तयार होतो, त्यावरून चुंबक कुठे आहे ते त्याला कळतं. मोटर थांबलेली असताना हा व्होल्टेज नसतो, म्हणून सुरू होताना ती क्षणभर अडखळते. ते अडखळणं पाहून मी घाबरू नये, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. एखाद्या वायरीचा सोल्डरचा डाग कच्चा राहिला तर मोटर जागच्या जागी थरथरेल आणि गरम होईल, फेज गेलेला पंप जसा गुणगुणत बसतो तशी, हेही.

पण माझ्या लेखी तुमची सगळ्यात मोठी मदत म्हणजे बेअरिंगच्या खोक्याच्या पाठीवर पेन्सिलीने मांडलेलं गणित. ते खोकं मी जपून ठेवलंय.

माझ्यासमोर दोन मोटरी होत्या. एक ३५०० केव्हीची, दुसरी ४२०० केव्हीची. केव्ही म्हणजे बिनभाराची मोटर एका व्होल्टला मिनिटात किती फेरे घेते तो आकडा. ज्याला विचारावं तो जास्त केव्हीची घे म्हणत होता, ताकद जास्त म्हणून. तुम्ही पिनियनचे, म्हणजे मोटरीच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचे, दाते मोजायला लावले, ९. मोठ्या गिअरचे १४०. म्हणजे मोटर साधारण साडेपंधरा वेळा फिरेल तेव्हा पंखा एकदा. ३५०० गुणिले ११.१, भागिले १५.५६, झाले २४९७. भाराखाली त्यातले ८० टक्के धरले तर पंखा मिनिटाला २००० फेरे. त्याच हिशेबाने ४२०० केव्हीला २४००.

फरक २० टक्क्यांचा. माझ्या मनाने तो सोडूनही दिला असता. तुम्ही नाही सोडलात. पात्यांचा कोन तोच ठेवला तर उचल वेगाच्या वर्गाने वाढते, १.४४ पट. पण त्यासाठी लागणारी शक्ती घनाने वाढते, १.७३ पट. ती बॅटरीतूनच यायची, म्हणजे उड्डाणाचा वेळ तेवढा आखडला आणि वायरी, ईएससी, बॅटरी सगळं तापलं. आणि पात्यांना धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पकडींवर बाहेर खेचणारा जोरही १.४४ पट. ती पकड तुम्ही बोटांनी वाकवून दाखवलीत आणि विचारलंत, "हे पातं सुटलं तर कुणाच्या तोंडावर जाईल?" आम्ही ३५०० ची ठेवली. ज्यांना मोटर बदलायची आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: मोटर विकत घेण्याआधी दाते मोजा आणि हे गणित मांडा. पाच मिनिटांचं काम आहे.

नव्या मोटरीची भोकं जुन्या जागेशी जुळत नव्हती, तेव्हा तुम्ही २ मिलीमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची पट्टी कापून दिलीत आणि भोकं गोल न ठेवता लांबट केलीत, मोटर पुढेमागे सरकवता यावी म्हणून. कानशीने घासलेल्या तिच्या कडा अजून हाताला गुळगुळीत लागतात. स्क्रू मात्र तुम्ही तीन वेळा काढून कापलेत. मोटरीच्या तळाशी जाणारा स्क्रू अर्धा मिलीमीटर जरी जास्त आत गेला तरी तारेवरचं एनॅमल खरवडतो आणि वाइंडिंग बॉडीला लागतं. बसवून झाल्यावर तिन्ही वायरींपासून बॉडीपर्यंत मल्टीमीटर लावून पाहिल्याशिवाय तुम्ही पुढे हातच लावू दिला नाहीत.

पिनियनचा स्क्रू घट्ट बसावा म्हणून शाफ्टवर फ्लॅट, म्हणजे एक सपाट बाजू, मारायचा होता. मोटर हातात घेण्याआधी तुम्ही तिला मास्किंग टेपने पूर्ण गुंडाळलंत, फक्त शाफ्टचं टोक बाहेर. कानस चालवली तसा लोखंडाचा बारीक कीस उडाला आणि टेपवर, बरोबर आतल्या चुंबकांच्या जागी, उभ्या रेघा करून बसला. टेप नसता तर तो सगळा कीस आत गेला असता आणि पुन्हा कधी निघाला नसता. त्या रेघा बघताना मला मोटरीतले चुंबक मोजता आले! दात्यांमधली फट धरायला वहीचा कागद मधे घालून मोटर दाबायची, स्क्रू आवळायचे, मग कागद ओढून काढायचा, ही युक्ती आता मी इतरांनाही दाखवते.

वायरिंगचं थोडक्यात सांगते, ज्यांच्याकडे जायरो-मिक्सर बोर्ड (शेपटी स्थिर ठेवणारा आणि मोटरी चालवणारा) आणि रिसीव्हर (रिमोटचे संदेश घेणारा) वेगवेगळे आहेत त्यांच्यासाठी. रिसीव्हरच्या थ्रॉटल चॅनलला, म्हणजे मोटरीचा वेग सांगणाऱ्या जोडणीला, वाय लीड (दोन फाट्यांची वायर) लावायची. एक फाटा नव्या ईएससीला, दुसरा जुन्या बोर्डाला. बोर्डाला वाटतं मुख्य मोटर अजून तोच चालवतोय, त्यामुळे शेपटीची मोटर तो पूर्वीसारखीच सांभाळतो. रिसीव्हरला ५ व्होल्ट बोर्डाकडून मिळत असतील, तर ईएससीच्या लीडमधली लाल वायर काढून टेप लावून ठेवायची, कारण दोन पुरवठे एकमेकांशी भांडतात. ईएससीत ब्रेक बंद आणि बॅटरी उतरल्यावरचा कटऑफ हळूहळू ताकद कमी करणारा ठेवायचा. एकदम बंद होणारा कटऑफ विमानाला चालेल, हेलिकॉप्टर मात्र दगडासारखं खाली येतं.

पहिली चाचणी पाती काढून. बॅटरी जोडली आणि मोटरीतून तीन सेलचे तीन बीप आले. ईएससीला स्पीकर नसतो, तो वाइंडिंगलाच थरथरवून आवाज काढतो, हे कळल्यावर तुम्ही कान जवळ नेऊन पुन्हा एकदा बॅटरी जोडायला लावलीत. एवढी वर्षं मोटरी बांधणारा माणूस मोटरीचा नवा आवाज ऐकून इतका खूश झालेला मी पहिल्यांदा पाहिला. मोटर उलटी फिरत होती. तुम्ही काहीही न बोलता दोन वायरी अदलाबदल केल्यात, पंपाच्या करता तशा.

उडवायचं कुठे, यावरही तुम्हीच अडून बसलात. आपल्या नाशिकचं आकाश मोकळं नाही. गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, चेतक आणि चीता हेलिकॉप्टरं नाशिकरोड-उपनगरच्या डोक्यावरून रोज जातात. देवळालीला तोफखान्याचं स्कूल, ओझरला एचएएलचा विमानांचा कारखाना आणि विमानतळ. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर लाल, पिवळे, हिरवे भाग आखलेले आहेत आणि लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काही उडवता येत नाही. "वर खरी माणसं बसलेली असतात," एवढंच तुम्ही म्हणालात. म्हणून मी मामांच्या द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये उडवते. हंगाम नसताना ती रिकामी असते, छप्पर उंच, वारा नाही.

तिथे सुरुवातीला थ्रॉटल दिला की नाक डावीकडे वळायचं. नवी मोटर वेग चटकन घेते, शेपटी मागे राहते. बोर्डावरचा प्रपोर्शनलचा स्क्रू (मुख्य मोटरीच्या प्रमाणात शेपटीला किती जोर द्यायचा ते ठरवणारा) अगदी केसभर फिरवत गेले, मग गेनचा (जायरोने किती जोराने सावरायचं ते ठरवणारा), आणि एका संध्याकाळी ते शेडच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, नाक समोर धरून थांबलं. आवाजही बदललाय. ब्रशची ती खरखर गेली, आता फक्त गिअर आणि पात्यांचा आवाज येतो. उतरवल्यावर मी मुख्य मोटरीला बोट लावते, तर ती कोमट असते. पूर्वी बोट ठेववत नसे. शेपटीची मोटर मात्र अजून ब्रशवालीच आहे आणि तीच आता तापते. तिच्यावर चढवायला तुम्ही लेथवर काढून दिलेली ॲल्युमिनियमची कडी काम करतेय, पण फार दिवस पुरेल असं वाटत नाही.

काका, तुमच्या दारात शेतकरी पंप घेऊन उभे होते, ज्यांचं पाणी थांबलं होतं. त्यांची कामं आधी करून, उरलेल्या वेळात तुम्ही माझं हे एवढंसं काम तितक्याच मन लावून केलंत. मजुरी विचारली तेव्हा पट्टीचे आणि स्क्रूचे तेवढे पैसे घेतलेत. मी त्याची परतफेड करू शकत नाही, आणि तुम्हाला ती नकोच आहे. पण ते उडताना तुम्ही अजून पाहिलेलं नाही, हे मला बरोबर वाटत नाही. जानेवारीत द्राक्षं सुरू झाली की शेड मिळणार नाही. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी दुकान बंद ठेवा, मी गाडी घेऊन न्यायला येते. काकूंनाही आणा, मामींनी जेवायलाच बोलावलंय. आणि शेपटीसाठी कितीची मोटर घ्यायची ते ठरवायचंय, तेव्हा पेन्सिल बरोबर असू द्या.

तुमची,
हेलिकॉप्टरवाली पोरगी
इंदिरानगर, नाशिक