मन्याची साखर

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवल्यावर तुझी आई माझ्यावर चिडली. पोर घाबरून विचारतंय आणि तुम्ही तोडून बोलता, म्हणाली. मी तोडून बोललो कारण तुझ्या हातात सिरिंज होती. रात्रीचे साडेअकरा, मीटरवर मन्याची साखर ४१२, इन्शुलिनचा आठचा डोस आधीच गेलेला, आणि तू विचारत होतास, मांजराला अजून एक युनिट देऊ का. नाही द्यायचं. त्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याशिवाय कधीच नाही.

"तुम्ही माणसांची औषधं विकता बाबा, मांजराचं तुम्हाला काय माहीत," असं तू म्हणालास. मांजराचं त्या सांगतील तेच खरं. पण इन्शुलिन घरात आणि दुकानात मी जन्मभर पाहिलंय. ग्लार्जिनचा, म्हणजे तू देतोस त्या इन्शुलिनचा, मांजरात खरा जोर साधारण चार ते आठ तासांनी दिसतो. आठला टोचलेलं साडेअकराला जेमतेम कामाला लागलेलं असतं. त्यावर दुसरं घातलंस, तर दोन्ही मिळून पहाटे साखर खाली ओढणार, आणि तेव्हा तू गाढ झोपलेला. प्रियाही माहेरी. पलंगाखाली मांजर आडवं पडलं तरी कोणाला कळणार?

शिवाय मन्याला तू कपाटामागून ओढून काढलंस, टॉवेलात गुंडाळलंस आणि मग कान टोचलास. घाबरलेल्या मांजराची साखर आपोआप चढते. चांगल्या धडधाकट मांजराचीही दवाखान्यात तीनशेच्या वर जाते. म्हणून तर घरी, तो निवांत असताना तपासायची. त्या एका आकड्यावर काही ठरत नाही.

तुला आक्काची परीक्षानळी आठवते का? लघवीतली साखर बघायचं ते निळं बेनेडिक्ट द्रावण, त्यात लघवीचे मोजून आठ थेंब, आणि नळी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर. चिमटा तुझ्याकडे असायचा. निळं राहिलं की तू नाचायचास. हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि शेवटी तो विटकरी रंग, तो आला की तू एकदम गप्प. एका पावसाळ्यात रोज सकाळी विटकरीच यायला लागला. तात्यांचा धोशा एकच, डोस वाढवा, डोस वाढवा. मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो, तूही होतास बरोबर. त्यांनी विचारलं, रात्री घाम येतो का? आम्ही मोठी माणसं एकमेकांकडे बघत राहिलो. तू म्हणालास, "आक्काची उशी ओली असते." रात्री साखर पार खाली जायची, मग शरीर घाबरून यकृतातली साखर रक्तात सोडायचं, आणि सकाळी आम्हाला दिसायचा तो विटकरी रंग. डॉक्टरांनी डोस कमी केला. थोड्या दिवसांत नळीत हिरवट दिसायला लागलं. मला अजून त्या वाक्याचा अभिमान वाटतो. नळीकडे आम्ही सगळेच बघत होतो, उशीकडे तू बघितलंस.

मन्याचं तसंच असेल असं नाही. मांजरात ते दर वेळी घडत नाही. पण वर गेलेली साखर म्हणजे इन्शुलिन कमीच पडतंय, असंही धरून चालायचं नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळच्या डोसपासून बारा तास, दर दोन तासांनी कानाचा थेंब घे आणि वहीत लिही. वेळ, आकडा, काय खाल्लं, किती खाल्लं, डोस किती, कुठे टोचला. सगळ्यात खालचा आकडा कोणता आणि तो किती वाजता येतो, यावर डॉक्टरीणबाई डोस ठरवतील. बदलला की पाच-सात दिवस तरी तो बसू द्यावा लागतो. रोज मागेपुढे केला तर कुणालाच काही कळत नाही.

आणखी एक विचारायचं राहिलं. कामाच्या बाई त्याला अजून दूधभात घालतात का? तू ओल्या खाण्यावर आणलास आणि मागच्या दाराने भात चालू असेल, तर साखर कशी एका जागी राहील? त्यांना रागावू नकोस, प्रेमाने घालतात. पण भात बंद झाला की तेही डॉक्टरीणबाईंना सांग, कारण पिष्ट कमी झालं की इन्शुलिनही कमी लागतं आणि तोच डोस जास्त ठरू शकतो. त्याच्या तोंडाला वास येतो असं तू दिवाळीत म्हणाला होतास. हिरड्या सुजल्या असतील, लघवीत जंतू असतील, तरी साखर हट्टाला पेटते. ते तपासून घे.

बघ, पुन्हा दुकानाच्या काउंटरवरून बोलल्यासारखं झालं. आई म्हणते तसं. राग मानू नकोस. पण एवढं वाचच.

तुझी बाटली १०० ची आहे, म्हणजे एका मिलीत १०० युनिट. सिरिंज केशरी टोपणाचीच हवी. आपल्याकडे ४० ची इन्शुलिनंही सर्रास मिळतात, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. घाईत कोपऱ्यावरच्या दुकानातून लाल टोपणाची आणलीस आणि एकच्या खुणेपर्यंत भरलीस, तर आत एक नाही, अडीच युनिट जाणार. मन्यासाठी ते फार होतं.

टोचताना तो उसळला आणि औषध आत गेलं की केसांवर सांडलं, असा संशय आला, तरी पुन्हा टोचायचं नाही. एखादा डोस हुकला तर आकडा वर जाईल, दुसऱ्या दिवशी बघता येतं. दोनदा पडला तर जीव जाऊ शकतो. तो जेवला नाही, ओकला, तर टोचायच्या आधी त्यांना फोन कर. मलूल पडून दिवसभर काही खाल्लंच नाही, तर फोनवर भागवू नकोस, थेट दवाखान्यात ने. आणि झोकांड्या खायला लागला, थरथरला, नजर हरवली, तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळ. शुद्ध नसेल तर तोंडात ओतू नकोस, ठसका लागेल. सावरला की खायला दे आणि लगेच डॉक्टर गाठ. मध फ्रिजवर ठेव, कपाटात मागे नको.

रक्त पाहून घेरी येणारा तू. दहावीत बोट कापलं तेव्हा स्वयंपाकघरात बसकण मारली होतीस. तोच आता दिवसातून दोनदा मांजराची कातडी चिमटीत धरून सुई टोचतोस, आणि आई सांगते की तो तुझ्याच मांडीवर झोपतो. मागच्या वेळी आलो तेव्हा मागच्या पायांचे घोटे टेकवून फरफटत चालत होता. आता खिडकीत चढतो म्हणालास. हे तू केलंस. सुरुवातीला नीट सांभाळलं तर काही मांजरांचं इन्शुलिन सुटतंही. मन्याचं सुटो. पण म्हणूनच सांगतो, साखर मनाने सुधारत असेल तर वाढीव डोस जास्तच वाईट. हे मी चौथ्यांदा लिहितोय का? आईने वाचलं तर खोडायला लावेल. राहू दे.

मीटर घरात आहेच. एकदा सकाळी उपाशीपोटी स्वतःच्या बोटाचाही थेंब घे. आक्काला होती, मला आहे. तुझा प्रियाला सांगायचा विचार नसेल तर मला सांग. बाळ यायच्या आधी कळलेलं बरं.

केशरी टोपणाच्या सिरिंजा आणि स्ट्रिप्स पाकिटात भरल्यात. शेजारचा विनू उद्या कोयनेने येतोय, त्याच्याकडे देतो. मीटर कोणत्या मेकचं आहे ते आज संध्याकाळच्या आत कळव, नाहीतर स्ट्रिप्स चुकीच्या येतील.

तुझे,
बाबा