माल्टीचा दाखला उलटा लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकांनी 'गाडी पार्क केली', 'मीटिंग अटेंड केली' छापाच्या मराठीवर मनसोक्त तोंडसुख घेतलं आहे. त्याला माझी हरकत नाही, मीही कधीकधी घेतो. पण पत्राच्या शेवटी त्यांनी भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाचा दाखला दिला आहे. तिथली भाषा म्हणे अरबी आणि इटालियनची खिचडी होऊन नावापुरती उरली आणि मराठीही त्याच वाटेवर आहे. हा दाखला नेमका उलटा लागतो, म्हणून हे पत्र.

माल्टाचं नाव मला आधी माहीत झालं ते रोगावरून. पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमात ब्रुसेलोसिस असतो, आपण ज्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतो तो. माणसाला झाला की त्याला 'माल्टा ताप' म्हणत. 1887 साली डेव्हिड ब्रूस यांना त्याचा जंतू सापडला आणि 1905 साली थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टी डॉक्टरांनी दाखवून दिलं, की तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये असतो आणि दुधातून माणसात जातो. हेच झॅमिट माल्टी भाषेत गोष्टीही लिहीत, हे मला फार पुढे कळलं, तेही धाकटी मुलगी तिथे वृद्धांच्या शुश्रूषागृहात नर्स म्हणून गेल्यावर.

आता मूळ मुद्दा. माल्टी ही खिचडी नाही, तिचा सांगाडा पक्का सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या कुळातला आहे. 870 साली अरबांनी बेट घेतलं, त्यानंतर सिसिलीत आणि माल्टात जी अरबी बोलली जाई तिची ही लेक. 1091 मध्ये ख्रिस्ती नॉर्मन आले, पुढे तेराव्या शतकात तिथल्या मुसलमानांना हाकललं गेलं, बेट ख्रिस्ती झालं, पण बोली तशीच राहिली. कुराणाच्या आणि ग्रंथांच्या अरबीशी नाळ तुटल्यामुळे ती आपल्या चालीने वाढत गेली. आजही तिथल्या कॅथलिक चर्चमध्ये देवाला 'अल्ला' म्हणतात आणि ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळाला 'रांदान', म्हणजे आपला रमजानच. सिसिलियन आणि इटालियन शब्द नंतर आले, इंग्रजी त्याहून नंतर. शब्दकोश उघडला तर जवळपास निम्मे शब्द सिसिलियन-इटालियन निघतात, हे खरं. पण रोजच्या बोलण्यातलं खाणं, पिणं, येणं, जाणं, आकडे, वार, सर्वनामं हा सगळा ऐवज अरबी मुळाचा.

या मुळाची तिथल्या लोकांना बराच काळ लाज वाटे. ख्रिस्ती म्हणवायचं आणि भाषा अरबांची, हे पचेना. मग आमची भाषा अरबांच्याही कितीतरी आधीच्या फिनिशियन लोकांपासून आली, असं सांगणारी मंडळी निघाली. पूर्वज निवडताना माणूस आपली सोय बघतो, दुसरं काय.

उसन्या शब्दांचं माल्टी काय करते ते जवळून पाहण्यासारखं आहे. इंग्रजी 'केटल'ची तिथे 'कित्ला' झाली. अनेकवचन मात्र इंग्रजीसारखं 'स' लावून होत नाही, होतं 'क्तीली'. म्हणजे शब्दाच्या पोटातले स्वर बदलतात, जसे अरबीत 'किताब'चं 'कुतुब' होताना बदलतात. 'पार्क'चंही असंच. 'निपार्क्या' म्हणजे मी पार्क करतो, 'तिपार्क्या' म्हणजे तू करतोस. पुढचा 'नि' आणि 'ति' अस्सल सेमिटिक. परका शब्द घरात आला की त्याला घरची कामं करावी लागतात. मराठी तरी वेगळं काय करते? 'टेबल' घेतलं आणि 'टेबलाखालची' करून टाकलं. आणि पत्रलेखकांनी आपल्या पत्रात 'हक्क' आणि 'साहेब' हे शब्द बिनदिक्कत वापरले आहेत, तेही मुळात अरबीच. माल्टीतही ते आहेत, तिथे 'सीहेब' म्हणजे सोबती.

मग ती टिकली कशी? शुद्ध राहून नव्हे. कामाच्या जागा मिळवून.

अठराव्या शतकाच्या शेवटी मिकिएल आंतॉन वासाल्ली या माणसाने तिचं व्याकरण आणि कोश लिहिला. राजकारणात पडल्यामुळे त्याला तुरुंगवास आणि देशत्याग भोगावा लागला, पण 1825 मध्ये तो विद्यापीठात माल्टीचा पहिला प्राध्यापक झाला. तरीही कोर्टात, कचेरीत इटालियनच चाले. बेटावर राज्य इंग्रजांचं, वकील बोलणार इटालियनमध्ये आणि पिंजऱ्यातल्या आरोपीला त्यातलं बहुतेक वेळा काही कळायचं नाही. इटालियन की इंग्रजी या भांडणावर तिथे अर्धशतक पक्ष उभे राहिले आणि पडले. त्या दोघींच्या मारामारीत तिसरीचा फायदा झाला. 1920 साली स्थापन झालेल्या लेखकांच्या संघाने रोमन लिपीतली तीस अक्षरांची वर्णमाला बसवली, 1934 मध्ये सरकारने ती मान्य केली आणि त्याच वर्षी माल्टी राजभाषा झाली. न्यायालयांची भाषाही तीच. (रोमन लिपी पाहून नाक मुरडू नये. फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात राचोलला रोमन अक्षरांतच छापलं गेलं आणि त्याची मराठी कुणाला उसनी वाटत नाही.)

2004 साली माल्टा युरोपीय संघात गेला तेव्हा पाच लाखांच्या आतबाहेर लोकांची ही भाषा संघाची अधिकृत भाषा झाली, तिथली एकमेव सेमिटिक. भाषांतरकारच पुरेसे मिळेनात, म्हणून सगळे कायदे माल्टीत आणायला तीन वर्षांची मुदत द्यावी लागली. आयर्लंड 1973 पासून संघात, पण आयरिशला हा मान मिळाला 2007 मध्ये. मागितलं कुणी आणि केव्हा, याने फरक पडतो.

याचा अर्थ तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. संसद, कोर्ट, चर्चमधली प्रार्थना, रेडिओ यांत माल्टी भक्कम आहे. शाळेत विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत. स्लीमासारख्या सुखवस्तू भागात आईबाप मुलांशी इंग्रजीत बोलतात. 2021 च्या जनगणनेत लोकसंख्या 5,19,562 निघाली आणि त्यात पाचांत एकाहून जास्त परदेशी. हॉटेलात वाढणारा, डिलिव्हरी आणणारा, दवाखान्यात सुई टोचणारा बाहेरचा असतो, त्यात भारतीयही पुष्कळ. त्यांच्याशी इंग्रजीच बोलावं लागतं. माझी मुलगी सांगते की तिच्याकडच्या काही आजी-आजोबांची स्मृती गेली आहे. तरुणपणी गोदीत किंवा ब्रिटिशांच्या कचेरीत शिकलेलं इंग्रजी आधी गेलं, उरली ती माल्टी. 'वॉटर' म्हटलं तर बघत राहतात, 'इल्मा' म्हटलं की हात पुढे येतो. म्हणून ती संध्याकाळच्या वर्गाला जाते. नोकरीत त्याचा एक पैसा जास्त मिळत नाही, उलट फी जाते.

भाषेची जागा जाते ती अशी. तिला 'पार्क' या शब्दाने धक्का लागला नाही, नर्सची भाषा बदलल्याने लागेल.

आता घरचं सांगतो. पशुसंवर्धन खात्यातल्या नोकरीत मी गोठ्यागोठ्यांत फिरलो. आमचं शिक्षण सगळं इंग्रजीतलं, पण जनावरांच्या रोगांना शेतकरी घटसर्प म्हणतो, फऱ्या म्हणतो, लाळ्या-खुरकूत म्हणतो, आणि त्याच्याशी बोलताना आम्हीही तेच म्हणतो. तेवढ्यापुरती मराठी शाबूत आहे, 'इंजेक्शन' आणि 'डोस' हे शब्द तिच्यात सुखाने नांदतात. जिथे नाही ती जागा वेगळीच. याच माल्टा तापाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि मादी रेडकांना देतात. लस जिवंत जंतूंची असते. टोचणाऱ्याने हातमोजे आणि चष्मा घालावा, सुई स्वतःला टोचली तर ताबडतोब डॉक्टरकडे जावं, गाभण जनावराला ती देऊ नये, या सूचना मी हाताळलेल्या बाटल्यांसोबतच्या कागदावर बारीक इंग्रजीत असत. कालवड धरणारा माणूस तो कागद चुरगाळून गव्हाणीत टाकतो. मराठीतला मजकूर मी एका पानात लिहून ठेवला आहे. पत्रलेखक महाशयांची किंवा आपल्या वाचकांपैकी कुणाची छपाईची सोय असेल, तर तो विनामोबदला द्यायला तयार आहे.

– एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी, मिरज