बडोद्याच्या तलावांसाठी कुत्रा निवडताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत बडोद्याच्या आसपास, वाघोडिया आणि सावलीच्या बाजूला तसेच महीच्या काठाने, शेतघरे घेणारी मंडळी बरीच दिसू लागली आहेत. कुणाच्या आवारात शेततळे असते, कुणाच्या कुंपणापलीकडे गावतलाव असतो, आणि हौशी लोक फायबरची छोटी होडीही बाळगतात. मग ओघाने कुत्रा येतो आणि "काका, पाण्यात रमणारी कोणती जात घेऊ?" हा प्रश्न माझ्यापर्यंत पोचतो. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, जलाशयांची खोली मोजण्यासाठी कित्येक वर्षे होडीत बसलो, आणि सुटीच्या दिवशी ओळखीच्या नावाड्याकडे जाताना माझ्याबरोबर बहुतेक वेळा कुत्रा असे, एवढाच माझा अधिकार आहे. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगत आलो आहे, आणि ते आपल्या वाचकांपुढेही ठेवावेसे वाटते: आपल्याकडच्या पाण्यासाठी पट्टीचा पोहणारा कुत्रा शोधू नये, सांगेपर्यंत होडीत बसून राहणारा कुत्रा शोधावा.

हे ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो, कारण जातींची वर्णने वाचून त्यांनी मनात लॅब्रेडॉर किंवा गोल्डन रिट्रीव्हर आधीच पक्का केलेला असतो. या जाती गुणी आहेत यात मला तिळमात्र शंका नाही, पण त्या कुठे आणि कशासाठी घडल्या हे पाहायला हवे. लॅब्रेडॉरचे पूर्वज कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचे सोबती होते. गळातून निसटलेला मासा पकडून आणणे आणि जाळ्याचे दोर ओढणे ही त्यांची कामे होती. एकोणिसाव्या शतकात ते इंग्लंडला गेले, तिथे शिकारीत पडलेले पक्षी उचलून आणण्यासाठी त्यांची पैदास झाली आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली. गोल्डनची सुरुवात स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्या इस्टेटीवर १८६८ च्या विणीपासून झाली, तीही पाण्यात पडलेले पक्षी आणण्यासाठीच. पोर्तुगालचा वॉटर डॉग तर एका होडीवरून दुसऱ्या होडीवर निरोप पोचवत असे. लॅब्रेडॉरचे दुहेरी तेलकट केस, बोटांमधले पडदे, सुकाणूसारखी जाड शेपटी ही सगळी ठेवण गार पाण्यात बेधडक उडी घेण्यासाठी आहे, आणि तशी उडी घेण्याची ओढ अनेक पिढ्यांत निवडून निवडून पक्की केलेली आहे. बडोद्यात नेमकी तीच ओढ कुत्र्याच्या जिवावर येऊ शकते.

कारण आपल्या पाण्यात मगर आहे. विश्वामित्री भर शहरातून वाहते आणि तिच्या काठाला मगरींची बिळे आहेत, हे बडोदेकराला सांगायला नको. आजव्याच्या जलाशयातही मगरी आहेत, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांच्या आवारात येऊन बसल्या तेव्हा साऱ्या देशाने ते पाहिले. तरीही गावतलावाच्या काठी कुत्र्याला मोकळे सोडताना "इथे कुठली मगर" असे म्हणणारे मला दर हिवाळ्यात भेटतात. पण मगर एका डबक्यात कायम राहते असे नाही. उन्हाळ्यात पाणी आटू लागले की ती जमिनीवरून चालत दुसरे पाणी गाठते, आणि पावसाळ्यात पुराबरोबर कुठेही पोचते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मादी काठावर खड्डा करून अंडी घालते आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडापर्यंत, त्या जागेची राखण करते; त्या दिवसांत काठावर हुंगत फिरणारा कुत्रा तिला शत्रूच वाटणार. पाण्यात असताना तिचे फक्त डोळे आणि नाकपुड्या वर असतात. कुत्रा पोहताना जो छपछप आवाज करतो तो तिच्या लेखी भक्ष्याचा आवाज असतो, आणि पंचवीस-तीस किलोच्या कुत्र्याला ओढून नेणे मोठ्या मगरीला जड जात नाही. यात मगरीचा काडीचाही दोष नाही. तिला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. तिच्या घरात आपण जातो आहोत. म्हणून ज्या पाण्याचा नदीशी किंवा कालव्याशी संबंध येतो, तिथे कुत्रा होडीतच राहिला पाहिजे आणि काठावर उतरला तर पट्ट्याला असला पाहिजे, एवढा नियम मी स्वतः कधी मोडला नाही.

डभोईजवळच्या वढवाण्याची गोष्ट थोडी निराळी आहे. बडोदे संस्थानाने सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, आणि हिवाळ्यात तिथे हजारो मैलांवरून आलेली बदके व हंस उतरतात. पक्षी आणण्यासाठी घडवलेली लॅब्रेडॉर, गोल्डन किंवा स्पॅनियल ही जात नेमक्या त्या थव्याकडे नेणे म्हणजे कुत्र्याला त्याच्या स्वभावाविरुद्ध तासभर दाबून धरणे, किंवा थकून आलेल्या पक्ष्यांना पुन्हा पुन्हा उडायला लावणे. माझ्या मते तिथे कुत्रा नेऊच नये. आजव्याबद्दल तर चर्चेला जागाच नाही, ते आपले पिण्याचे पाणी आहे.

आता उन्हाविषयी. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीशी ओलांडतो आणि कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग गार करतो. न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा बुडणाऱ्याला ओढून काढतो अशी त्याची ख्याती आहे, पण पन्नास ते सत्तर किलोचे ते धूड, घोंगडीसारखे केस अंगावर घेऊन, बडोद्यात एअर कंडिशनरशिवाय दिवस काढू शकत नाही. तो घ्यावा असे मला कुणीही पटवू शकलेले नाही. लॅब्रेडॉर तग धरतो, मात्र सडपातळ ठेवला तरच, आणि आपल्या घरांत तो सडपातळ राहत नाही. पोळी, तूप, फाफडा, जे हातात असेल ते त्याला मिळते. माझा पहिला कुत्रा लॅब्रेडॉरच होता. चाळीस किलोच्या पुढे गेल्यावर त्याला पाण्यातून होडीत उचलून घेताना होडीच कलू लागली, आणि सहाव्या वर्षी त्याचे मागचे पाय दुखू लागले. होडीचा तळ दुपारी इतका तापतो की पंजे भाजतात, हेही मला त्याच्याकडूनच कळले. तेव्हापासून भिजवलेली काथ्याची चटई आणि कापडाचे छत हा माझ्या होडीचा भागच झाला.

आखूड तोंडाच्या जातींविषयी मला जरा कळकळीने लिहावेसे वाटते. माझ्या पुतण्याने तीन वर्षांपूर्वी फ्रेंच बुलडॉगचे पिल्लू आणले. होडीत ऐटीत बसलेल्या अशा कुत्र्याचे छायाचित्र त्याने पाहिले होते आणि विकणाऱ्यानेही "पाण्याची आवड असलेली जात" असे ठोकून सांगितले होते. बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि पग यांचे डोके जड, छाती भरीव, पाय आखूड आणि नाक बसके असते. नाक पाण्याबाहेर ठेवायला त्यांना मान इतकी वर करावी लागते की मागचा भाग खाली जातो, आणि ते पोहत नाहीत, उभेच्या उभे बुडतात. पुतण्याचे पिल्लू नऊ महिन्यांचे असताना शेततळ्यात घसरले. तळ्याला प्लास्टिकचे अस्तर होते. अशा अस्तरावर शेवाळ धरले की पोहता येणारा कुत्रासुद्धा वर चढू शकत नाही, नखे घसरत राहतात आणि तो दमून बुडतो. त्या पिल्लाला तर काठापर्यंतही येता आले नाही. रखवालदाराने पाइप धरून उडी घेतली म्हणून ते वाचले, पण पुढे त्याला फुप्फुसाचा दाह झाला आणि ते महिनाभर औषधावर होते. ज्यांच्या आवारात असे शेततळे आहे त्यांनी, कुत्रा कोणताही असो, चारही बाजूंना गाठी मारलेले जाड दोर किंवा दोरात ओवलेले जुने टायर आजच सोडून ठेवावेत. ते माणसाच्या मुलालाही उपयोगी पडतात.

मग घ्यावा तरी कोणता? जातिवंत कुत्राच हवा असेल तर लॅब्रेडॉरची मादी घ्यावी, ती नरापेक्षा हलकी असते आणि माझ्या अनुभवात अधिक लक्ष देऊन शिकते. पिल्लाच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे मागावेत, आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू कुणी देऊ केले तर तिथून उठून यावे, कारण कुत्र्यांच्या पैदाशी-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार ते विकताच येत नाही. कॉकर स्पॅनियल तेरा-चौदा किलोचा असल्यामुळे छोट्या होडीत सोपा पडतो, पण त्याचे लांब कान ओले राहून आतून कुजतात, ते दर वेळी कोरडे करण्याचा कंटाळा असेल त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. मुधोळ किंवा कारवान हे आपल्या मातीतले देखणे शिकारी कुत्रे पळण्यासाठी जन्मले आहेत; अंगावर चरबी नाही, स्वभावाने बिचकणारे आणि नजरेला काही हलताना दिसले की सुटणारे, त्यामुळे होडीत त्यांचा जीव रमत नाही.

माझी स्वतःची पसंती गावठी कुत्र्याला आहे आणि ती काटकसरीपोटी नाही. पंधरा ते पंचवीस किलो वजन, चटकन वाळणारे आखूड केस, लांब नाक, उभे कोरडे कान, आणि या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले शरीर, इतके गुण एकत्र असलेली दुसरी जात मला आपल्या हवामानासाठी दाखवता येणार नाही. माझा दुसरा कुत्रा असाच एक गावठी होता. होडीच्या टोकाला न हलता बसून तो पाण्याकडे टक लावून बघत असे, म्हणून नावाड्याने त्याचे नाव खंड्या ठेवले. तेरा वर्षे तो माझ्याबरोबर होडीत बसला. पोहणे त्याला येत होते, पण पाण्याबद्दल त्याला जी सावध भीती होती, ती मला त्याच्या पोहण्यापेक्षा मोलाची वाटे.

जात कोणतीही असली तरी लाइफ जॅकेट लागतेच, पाठीवर धरायला मूठ असलेले आणि भडक रंगाचे. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात होडी उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका आपण गमावल्या, आणि अनेक मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हते, हे दुःख या शहराच्या मनातून जाणार नाही. ज्या होडीत प्रत्येक माणसाला जॅकेट नाही तिथे कुत्र्याचा विषय काढूच नये. कुत्र्याला होडीला बांधणे हीसुद्धा घोडचूक आहे. होडी उलटली तर तो तिच्याबरोबर खाली जातो. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात पसरणाऱ्या लेप्टोची लस दरवर्षी द्यावी, कारण हा रोग कुत्र्याकडून घरच्यांनाही होऊ शकतो. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर त्या दिवशी परत फिरावे. त्यातल्या काही शेवाळांचे विष कुत्र्याला तासाभरातही मारू शकते. स्वच्छ तळ्यातसुद्धा चेंडू आणण्याचा खेळ दहा-पंधरा मिनिटांत थांबवावा, कारण चेंडूबरोबर कुत्रा पाणी गिळत जातो आणि फार पाणी पोटात गेले की तो झोकांड्या खाऊ लागतो. असे दिसले तर घरगुती उपाय न करता थेट पशुवैद्याकडे न्यावे.

पुतण्याचा तो बुलडॉग आता शहरातल्या घरात सुखाने राहतो. शेतघरासाठी त्याने यंदा आमच्याच गल्लीतले गावठी पिल्लू घेतले आहे, ते चार महिन्यांचे झाले. दर रविवारी आम्ही होडी गवतावर पालथी न घालता सरळ ठेवतो, तिच्यात काथ्याची चटई अंथरतो, आणि पिल्लाला आत बसायला, "थांब" म्हटल्यावर थांबायला आणि "चल" म्हटल्यावरच उतरायला शिकवतो. मागच्या रविवारी वरून टिटवी ओरडत गेली तेव्हा ते उठले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा बसले. होडी आम्ही अजून पाण्यात उतरवलेली नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त पाटबंधारे अभियंता,
दांडिया बाजार, बडोदे