ओकिनावा सहलीतल्या जेवणाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग (परदेश सहली)

विषय: ओकिनावा बेटांच्या सहलीत कबूल केलेली जेवणाची सोय न मिळाल्याबद्दल तक्रार व परताव्याची मागणी

महोदय,
स. न. वि. वि.

मी, माझे यजमान आणि सासूबाई असे आम्ही तिघं आपल्या कंपनीच्या जपानमधल्या ओकिनावा बेटांच्या सहलीला नुकतेच जाऊन आलो. हॉटेलं स्वच्छ होती, बस वेळेवर यायची आणि समुद्राला तर नावं ठेवायला जागाच नाही. तक्रार आहे ती खाण्यापिण्याची. आपल्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत दोन गोष्टी छापल्या आहेत: 'बेटांची अस्सल चव' आणि 'शाकाहारींची संपूर्ण सोय'. दुसऱ्या गोष्टीसाठी आपण सासूबाईंच्या नावे वेगळे पैसेही घेतलेत. प्रत्यक्षात दोन्ही मिळाल्या नाहीत.

सासूबाई माळकरी आहेत. मांस, मासळी, अंडं काहीच चालत नाही, हे बुकिंगच्या फॉर्मवर लिहिलं, ईमेलनं कळवलं आणि निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये तोंडीही सांगितलं. "काही काळजी करू नका ताई," असं उत्तर मिळालं. मीही केली नाही.

नाहा शहरात दुपारच्या जेवणाला आम्हाला ओकिनावा सोबाच्या एका छोट्या दुकानात नेलं. ही सोबा गव्हाच्या पिठाची असते, हे टूर मॅनेजरनं अगदी बरोबर सांगितलं. पण तिचा रस्सा डुकराच्या हाडांवर आणि कात्सुओबुशीवर, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाच्या किसावर, उकळून काढतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. सासूबाईंचा वाडगा आला तसा त्यानं चॉपस्टिकनं मांसाचे तुकडे उचलून आपल्या वाडग्यात टाकले आणि म्हणाला, "आजी, झालं व्हेज!" रश्श्यावर चरबीचे गोल तरंगत होते. माशाच्या वडीची गुलाबी काठाची चकती नूडल्सवर तशीच होती. काउंटरमागच्या बाई हे बघत होत्या. त्या लगबगीनं बाहेर आल्या, दोन्ही हात छातीपुढे फुलीसारखे धरले आणि जोरजोरात मान हलवू लागल्या. भाषा न येताही आम्हाला समजलं, मॅनेजरला मात्र समजलं नाही. तोवर सासूबाईंनी दोन घोट घेतले होते. त्या उठल्या, चूळ भरून आल्या आणि रात्रीपर्यंत पाण्याशिवाय त्यांनी काही घेतलं नाही. त्यांनी कोणाला एका शब्दानं बोल लावला नाही. म्हणून मी लावते आहे.

त्या मुलावर माझा राग नाही. जपानमध्ये जिथं मासळी दिसत नाही तिथंही दाशी, म्हणजे बहुधा वाळवलेली मासळी उकळून काढलेलं पाणी, असते, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) घातलेल्या सूपमध्ये असते, शिजवलेल्या भाज्यांत असते, टेम्पुरा या जपानी भज्यांसोबतच्या वाटीत असते. जपानच्या सहली विकणाऱ्या ऑफिसला एवढं ठाऊक नसेल, तर 'संपूर्ण सोय' हे शब्द कशाच्या जोरावर छापले?

यावर आपल्या लोकांनी काढलेला उपाय तर आणखी थोर. त्यानंतर नाहातल्या प्रत्येक रात्री सगळ्या ग्रुपला एकाच भारतीय हॉटेलात नेलं. पनीर बटर मसाला, पिवळी डाळ, नान, पुन्हा पनीर. आणि हे कुठं, तर जिथं कारलं घरोघरी टोफूबरोबर परततात, कोवळं घोसाळं मिसोत शिजवतात, कच्च्या पपईच्या किसाची भाजी करतात, शेंगदाण्याच्या दुधात रताळ्याचं सत्त्व घोटून जिमामी टोफू करतात आणि हळदीचा चहा पितात! यादी वाचून कोणाला ती कोकणातल्या एखाद्या परसातली वाटेल. त्यातलं काहीही आपण आमच्यासमोर ठेवलं नाही.

हे जमणारच नव्हतं, असं कृपया म्हणू नका. मोकळ्या दिवशी मी हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीला अडचण सांगितली. तिनं एका कागदावर जपानीत लिहून दिलं: मांस नको, मासा नको, अंडं नको, दाशी नको. मग दोन-तीन खाणावळींना फोन केले. एकीनं नाही म्हटलं, एकीनं थांबवून स्वयंपाकघरात विचारलं आणि हो म्हटलं. तिथं सासूबाईंना कारलं आणि बेटावरचा घट्ट टोफू नुसत्या तेल-मिठावर परतून मिळाला, सोबत भात आणि वरचा सॉस न घातलेला जिमामी टोफू. सूप खाणावळवाल्यांनी आपणहून ताटातून काढून ठेवलं होतं. सासूबाई पोटभर जेवल्या. आपल्या ऑफिसनं निघण्याआधी असे फोन केले असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आता यजमानांची बाजू. ते अलिबागकडचे, मासे खाणारे आणि संध्याकाळी दोन पेग घेणारे. माहितीपत्रकात माकिशी बाजारातल्या 'ताज्या मासळीचा आस्वाद' होता. हा नाहाचा सार्वजनिक बाजार, 2023 साली नव्या इमारतीत सुरू झालेला. खाली मासळी निवडायची आणि माणशी ठरावीक पैसे देऊन वरच्या मजल्यावरच्या खाणावळीत ती करून घ्यायची, अशी तिथली रीत आहे. निळेशार इराबुचा आणि लालसर गुरुकुन बर्फावर मांडून ठेवलेले होते. गुरुकुन हा तर ओकिनावा प्रांताचा मानाचा मासा, अख्खा तळून काट्यासकट खातात. यजमान भाव विचारत होते तेवढ्यात मॅनेजरनं शिट्टी मारली: फोटो काढा, बस निघते आहे. आस्वाद म्हणजे नुसतं बघणं असतं, हे आम्हाला आधी सांगायला हवं होतं.

'आवामोरीच्या भट्टीला भेट' हेही छापलेलं आहे. आवामोरी म्हणजे तिथली तांदळाची दारू. भट्टी म्हणून नेलं ते भेटवस्तूंच्या दुकानात. तिथं बोटभर प्लास्टिकच्या कपातून एक-एक घोट मिळाला. थायलंडचा लांब दाण्याचा तांदूळ आणि काळी कोजी बुरशी वापरून ही दारू गाळतात, तीन वर्षं किंवा जास्त मुरली की तिला कूसू म्हणतात, हे यजमान घरून वाचून गेले होते. ती कुठं मिळेल विचारलं तर मॅनेजरनं विमानतळाकडे बोट दाखवलं. शुरीच्या किल्ल्याच्या परिसरात जुन्या भट्ट्या आहेत आणि किल्ला आपण दाखवलातच. बस तिथंच उभी होती!

इशिगाकी बेटावर एकदाच काय ते इझाकायात, म्हणजे दारूसोबत खाणं मिळणाऱ्या जपानी खाणावळीत, नेलं, तेही जागा राखून न ठेवता, त्यामुळे तीन दारांवरून परत फिरलो. चौथीकडे बसलो तर न मागता आलेल्या मोझुकूच्या (एक समुद्री शेवाळ) वाट्यांचे पैसे बिलात लागले म्हणून मॅनेजर मालकाशी हुज्जत घालत बसला. बसल्याबरोबर अशी वाटी येते आणि तिचे पैसे लागतात, हा जपानभरचा रिवाज आहे. मालकाचं काहीच चुकलं नव्हतं. मान खाली घालायची वेळ आमच्यावर आली.

माझ्या मागण्या अशा. सासूबाईंच्या शाकाहारी जेवणासाठी घेतलेली जादा रक्कम पूर्ण परत करावी. बाजारातलं जेवण आणि भट्टीची भेट यांपोटी तिघांच्या भाड्यातली रक्कम वजा करून द्यावी. सासूबाईंच्या नावे मराठीत लेखी माफीपत्र पाठवावं. व्हाउचर किंवा पुढच्या सहलीवर सवलत देऊ केलीत तर ती आम्हाला नको आहे. शिवाय दाशीशिवायचं जेवण आधी ठरवून देता येत नसेल, तर 'संपूर्ण सोय' हे शब्द माहितीपत्रकातून काढावेत, कारण पुढच्या ग्रुपमध्येही कोणाची तरी माळकरी आई असेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही कारणांनी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करणार आहे. फोनवर बोलणं नको, जे काही असेल ते लिहून कळवावं.

कळावे,
आपली ग्राहक
(सही)

सोबत: पैसे भरल्याच्या पावतीची प्रत, बुकिंग फॉर्म, ईमेलची छापील प्रत, माहितीपत्रकाची दोन पानं आणि रिसेप्शनवरच्या मुलीनं लिहून दिलेल्या जपानी चिठ्ठीची झेरॉक्स. ती आपल्या मॅनेजरना वापरायला हरकत नाही.